नव्या तोतयांचे बंड

सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे, शिक्क्याचे आणि न्यायमूर्तींच्या सह्यांचे बनावट हुकूम दाखवून हरियानातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याची एक कोटीहून अधिक रुपयांची आयुष्यभराची पुंजी लुबाडण्यात आली. त्या बाईंनी न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्राची दखल घेऊन न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपण होऊन प्रकरण हाती घेतले आणि १ डिसेंबर २०२५ रोजी, 'डिजिटल अरेस्ट' या नावाने देशभर चाललेल्या लुटीचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने अग्रक्रमाने करावा असा आदेश दिला. न्यायालयाच्या नावाने चोरी व्हावी आणि न्यायालयालाच फिर्यादीसारखे पुढे यावे लागावे, असा प्रसंग क्वचितच येतो. या एकाच प्रकारात लोकांचे सुमारे तीन हजार कोटी रुपये गेल्याचे सुनावणीच्या ओघात पुढे आले, तेव्हा खंडपीठही थक्क झाले. आमचे वाचक थक्क होणार नाहीत. यांपैकी एक तरी हकीकत त्यांच्या इमारतीत, त्यांच्या कचेरीत अथवा त्यांच्या स्वतःच्या घरात घडून गेलेली असेल.

संसदेत सरकारने वेळोवेळी दिलेले आकडे पाहिले म्हणजे हे लोण किती वेगाने पसरले ते ध्यानी येते. 'डिजिटल अरेस्ट' आणि तत्सम गुन्ह्यांच्या तक्रारी २०२२ साली ३९,९२५ होत्या आणि त्यांत गेलेली रक्कम सुमारे ९१ कोटी रुपये होती. २०२४ साली तक्रारी १,२३,६७२ झाल्या आणि रक्कम १,९३५ कोटींवर गेली. तक्रारी तिप्पट आणि रक्कम एकवीसपट, याचा अर्थ उघड आहे. कोणाला गाठावयाचे आणि त्याच्यापाशी किती आहे, हे चोरांना आता पूर्वीपेक्षा अधिक चांगले कळते. सर्व तऱ्हांच्या सायबर फसवणुकीचा एकत्र हिशेब धरला तर २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गेले होते, ते २०२४ मध्ये २२,८४५ कोटी झाले. आणि हे सारे आकडे तक्रार करणाऱ्यांचे. लाजेपोटी तोंड मिटून बसलेल्यांची गणती कोणत्याच वहीत नाही.

या प्रकारांत फसले कोण हे पाहिले म्हणजे नवल वाटते. दक्षिण मुंबईतील ८६ वर्षांच्या एका बाईंकडून डिसेंबर २०२४ अखेरपासून मार्च २०२५ च्या आरंभापर्यंत वीस कोटींहून अधिक रुपये उकळण्यात आले. त्याच वर्षी मुंबईतीलच ७२ वर्षांच्या एका व्यावसायिकाचे सुमारे ५८ कोटी गेले. लुधियानातील ८२ वर्षांच्या एका वस्त्रोद्योगपतीला ऑगस्ट २०२४ मध्ये पडद्यावर चक्क सर्वोच्च न्यायालय दाखविण्यात आले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे सोंग घेतलेला कोणी एकजण तेथे 'सुनावणी' चालवीत होता, आणि ती सुनावणी त्या गृहस्थांना सात कोटी रुपयांना पडली. शिवाय निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतच हयात घालविलेले अधिकारी, सैन्यातून परतलेले लोक असे सारे या यादीत आहेत. 'शिकलीसवरलेली माणसे फसतात तरी कशी?' हा प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचणारा प्रत्येकजण विचारतो, आणि त्या प्रश्नात थोडा तुच्छतेचा वासही असतो. आमच्या मते तो प्रश्नच उलटा आहे. या सापळ्यात शिकलेला मनुष्य शिकलेला असूनही अडकतो असे नाही. तो पुष्कळदा शिकलेला असल्यामुळेच अडकतो.

फसवणुकीचा धंदा जुना आहे. तुरुंगात पडलेल्या धनाढ्य स्पॅनिश कैद्याच्या नावाने युरोपात पत्रे येत, त्याला शंभर वर्षे केव्हाच उलटून गेली. पुढे आफ्रिकेतील राजपुत्र आले, परदेशी लॉटऱ्या आल्या, आणि दामदुप्पट देणाऱ्या कंपन्या तर आपल्याकडे प्रत्येक पिढीने पाहिल्या. या साऱ्यांचे भांडवल लोभ हे होते, आणि म्हणून फसलेल्याविषयी कळवळा वाटतानाही मनात कोठेतरी 'लोभाचे फळ मिळाले' असा निवाडा आपण देऊन टाकीत असू. गुंतवणुकीच्या नावाने चालणारी ठकबाजी आजही त्याच भांडवलावर चालते. परंतु 'डिजिटल अरेस्ट'चा बळी कशाचाही लोभ धरीत नाही. तो कर वेळेवर भरतो, विजेचे बिल मुदतीच्या आत चुकते करतो, सरकारी पाकीट आले की ते उभ्याने फोडतो. त्याची कायद्याविषयीची भीड आणि स्वतःच्या निष्कलंक नावाविषयीची काळजी, या दोन सद्गुणांनाच गळ लावलेला असतो.

हे घडते कसे, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिला फोन साधा असतो. दूरसंचार खात्यातून बोलतो आहोत, तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी अमुक आकडा दाबा. किंवा तुमच्या नावाचे पार्सल विमानतळावर अडविले असून त्यांत पारपत्रे आणि अमली पदार्थ सापडले आहेत. ऐकणारा म्हणतो, असे पार्सल मी पाठविलेले नाही. पलीकडचा आवाज मोठा सौजन्यशील असतो. तो म्हणतो, मग तुमच्या आधारपत्रिकेचा कोणी गैरवापर केलेला दिसतो, तुम्ही पोलिसांत तक्रार द्या, मीच जोडून देतो. येथवर धमकीचा एक शब्दही उच्चारला गेलेला नसतो. मदतच देऊ केलेली असते. मग व्हॉट्सॲपवर वा तसल्याच एखाद्या साधनावर चित्र उघडते. गणवेश, मागे राजमुद्रा, टेबलावर फायली, दूर कोठेतरी वाजणारी बिनतारी यंत्रणा. अधिकारी नाव, जन्मतारीख, आधारक्रमांक, पत्ता धडाधड सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या पायांखालची वाळू सरकते. एवढे सारे ठाऊक आहे म्हणजे हा सरकारचाच माणूस असला पाहिजे, असे त्याला वाटते. येथे मुंबईकरांनी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हैदराबादेत असो वा लखनौत, ठकाला दरारा हवा असला म्हणजे तो पुष्कळदा मुंबई पोलिसांचेच नाव सांगतो. आपल्या पोलिसांच्या लौकिकाला मिळालेली ही पावती आपण आनंदाने नाकारली असती.

त्यानंतर आवाज बदलतो. एका गाजलेल्या आर्थिक गुन्ह्यात तुमच्या नावाचे खाते सापडले आहे, तुमच्या अटकेचे वॉरंट निघाले आहे, हे पाहा. पण तुमचे वय पाहून साहेब सवलत देत आहेत. तुरुंगाऐवजी घरीच देखरेखीखाली राहावयाचे. कॅमेरा चालू ठेवावयाचा, झोपतानाही. कोणाला काही सांगावयाचे नाही, कारण प्रकरण राष्ट्रीय सुरक्षेचे आहे. मुलाला सांगितलेत तर त्यालाही आरोपी करावे लागेल. आणि अखेरीस मूळ मुद्दा येतो. तुमचा पैसा निर्मळ आहे की नाही याची रिझर्व्ह बँक पडताळणी करणार आहे, तोपर्यंत सर्व रक्कम अमुक खात्यात ठेवा, निर्दोष ठरलात की परत मिळेल. मनुष्य बँकेत जातो, मुदतठेव मोडतो आणि आपल्याच हाताने पैसे पाठवितो. काउंटरवरील कर्मचाऱ्याने विचारलेच तर काय उत्तर द्यावयाचे तेही त्याला पढवून ठेवलेले असते.

मुंबईच्या वा पुण्याच्या जुन्या रहिवाशाला या कथेत ओळखीचे काही दिसल्यावाचून राहणार नाही. रस्त्याने जाणाऱ्या वृद्ध बाईला दोन साध्या वेषातील इसम अडवितात, 'आजी, आम्ही पोलीस आहोत, पुढच्या गल्लीत खून झाला आहे, अंगावरचे दागिने काढून पुडीत बांधा,' असे सांगतात आणि घरी गेल्यावर पुडीत खडे निघतात. तोतया पोलिसांची ही बातमी आम्ही वर्षानुवर्षे छापीत आलो आहोत. आणखी मागे जावयाचे तर पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत उभा राहिलेला तोतया आहेच. १७७६ साली त्यास देहदंड झाला. पण त्याआधी कोकणातील किल्ले आणि पुष्कळ माणसे त्याच्या बाजूस गेली होती. नाव मोठे असले म्हणजे चेहरा नीट पाहण्याची कोणाची छाती होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. आजच्या तोतयाने फक्त गल्लीचा कोपरा सोडून मोबाईलचा पडदा धरला आहे.

मग प्रश्न असा की, हा पडदा खरा वाटतो का? आमचे उत्तर काहींना झोंबेल, पण ते दिले पाहिजे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या भूषण म्हणून मिरविली. पोलीस ठाण्याचे तोंड पाहिले नाही, वकिलाचे घर ठाऊक नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कधी उभा राहिलो नाही, हे मध्यमवर्गातील माणूस निवृत्तीच्या समारंभात अभिमानाने सांगतो. परिणाम असा झाला की, खरे न्यायालय कसे दिसते, खरे वॉरंट कसे असते, खरा फौजदार काय बोलतो आणि काय बोलू शकत नाही, याची त्याला चित्रपटांपलीकडे माहिती नाही. खरे पाहिलेलेच नाही तो खोटे ओळखणार कशाने? ज्यांचा पोलिसांशी नित्याचा संबंध येतो, तो हातगाडीवाला किंवा रिक्षावाला या सोंगाला सहसा फसावयाचा नाही. साहेब दमदाटी करून थांबेल, पावती देऊन आरटीजीएसने पैसे घेणार नाही, एवढे व्यवहारज्ञान त्याला असते. (यांत आपल्या पोलीस खात्याची स्तुती नाही हे सांगावयास नकोच.)

तेव्हा कायदा काय म्हणतो ते एकदा शांतपणे वाचले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३ व्या कलमाप्रमाणे, मनुष्य शब्दाने वा कृतीने आपण होऊन ताब्यात गेला नसेल तर, अटक करताना पोलीस अधिकाऱ्याने त्याच्या देहाला प्रत्यक्ष स्पर्श केला पाहिजे अथवा त्याला प्रत्यक्ष अडवून ठेवले पाहिजे. पडद्यावरून अटक करण्याची तरतूद या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आपल्या आकाशवाणीवरील भाषणात हे स्पष्ट शब्दांत सांगितले होते. चौकशीस हजर राहण्याची पोलिसी नोटीसदेखील व्हॉट्सॲपवरून बजावता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी दिल्या आहेत: अटकेचे कारण समजण्याचा हक्क, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क, आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क. त्यांत संहितेने भर घातली की, अटकेची वार्ता आरोपीच्या नातेवाइकाला वा स्नेह्याला कळविली गेलीच पाहिजे.

या शेवटच्या तरतुदीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण खऱ्याखोट्याची कसोटी येथेच हाती लागते. कायदा म्हणतो, नातेवाइकाला कळवा. चोर म्हणतो, कोणालाही कळवू नका. गणवेश भाड्याने मिळतो, शिक्का संगणकावर बनतो, तुमचा आधारक्रमांक बाजारात विकत मिळतो. पण गुप्ततेची अट सोडून देणे मात्र चोराला परवडत नाही. सूनबाईंनी दारातून डोकावून 'कोणाशी बोलता, बाबा?' एवढे विचारले तरी सारा डाव कोसळतो. म्हणून पलीकडचा मनुष्य आपली माहिती किती अचूक सांगतो याकडे पाहूच नये. तो घाई करतो आहे का, पैसे हलवावयास सांगतो आहे का, आणि घरच्यांपासून लपवावयास सांगतो आहे का, एवढेच पाहावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असेल तर पहिल्या दोहोंची वाट पाहण्याचेही कारण नाही. फोन ठेवून द्यावा. फोन ठेवणे हा उद्धटपणा नव्हे. सभ्य माणसाला समोरच्याचे बोलणे अर्धवट तोडणे जड जाते, आणि या सभ्यतेवरही चोराने आपला हिशेब मांडलेला असतो.

फोनवर जे भीतीने साधते तेच ई-मेल आणि संदेशांत सवयीने साधले जाते. आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडण्यात येईल, प्राप्तिकराचा परतावा अडला आहे, केवायसी अपुरे असल्याने खाते बंद होत आहे, वाहतुकीचा दंड थकला आहे. आणि खाली एक दुवा. पूर्वी असली पत्रे त्यांच्या मोडक्यातोडक्या भाषेवरून ओळखू येत, आणि मुद्रितशोधनाची सवय असलेला मराठी माणूस त्यांना चटकन हसत असे. ती सोय आता राहिली नाही. यंत्राने लिहिलेले मराठी कित्येक सरकारी परिपत्रकांपेक्षा शुद्ध असते. पाठविणाऱ्याचे नाव म्हणून जे दिसते त्यालाही अर्थ नाही, कारण ते ज्याचे त्याने हवे तसे लिहिलेले असते. पाहावयाचा तो पत्ता, आणि तोही उजवीकडून. पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे जे शेवटचे दोन-तीन शब्द असतात, ते मालकाचे. त्यांच्या डावीकडे कोणत्याही बँकेचे नाव कोणीही बसवू शकतो. झोपडीला 'राजभवन' म्हणावयास कोणाची ना नसते, गाव कोणते ते पाहिले म्हणजे झाले. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यावयाची होती. तेव्हा बँकेच्या नावाचा पण या अक्षरांनी न संपणारा पत्ता दिसला तर तेथे संकेतशब्द लिहू नये. त्याहून बरे म्हणजे आलेल्या दुव्यावर न जाता पत्ता आपल्या हाताने लिहावा, किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा.

लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'एपीके' नावाच्या फायलींविषयी एवढेच सांगतो की, ती पत्रिकाही नव्हे आणि पावतीही नव्हे. ते मोबाईलमध्ये शिरणारे एक यंत्रच असते आणि आपले संदेश, ओटीपीसकट, ते परक्याला वाचून दाखवू शकते. नातेवाइकाच्या क्रमांकावरून आली म्हणून ती उघडावी असेही नाही, कारण त्याचा मोबाईल आधीच परक्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो देण्यासाठी लागतो, हे अजूनही पुष्कळांना सांगावे लागते.

येथवर नागरिकाने काय करावे ते झाले. परंतु सारा भार नागरिकाच्या सावधपणावर टाकून मोकळे होण्याची जी वृत्ती सरकारी खात्यांत आणि बँकांत दिसते, ती आम्हांस मान्य नाही. नागरिकाला ही सवय लावली कोणी? 'अमुक तारखेपर्यंत केवायसी न केल्यास खाते गोठविण्यात येईल' हे धमकीचे वाक्य चोरांनी बँकांकडूनच उचलले. दुवे असलेले संदेश बँकाही पाठवीत आल्या. बँकेचा खरा प्रतिनिधीही फोन करून 'पडताळणीसाठी' जन्मतारीख विचारीत आला. आधारपत्रिकेची प्रत सोसायटीच्या कचेरीत द्या, हॉटेलात द्या, सिमकार्डाच्या दुकानात द्या, असे वर्षानुवर्षे चालले. त्या प्रतींचे पुढे काय होते हे विचारण्याची सोय नव्हती. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम प्रसिद्ध होण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडले. दरम्यान ज्या माहितीचा बाजार व्हावयाचा तो होऊन गेला. सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. परदेशातून येऊन भारतीय क्रमांकाचा मुखवटा धारण करणारे फोन अडविण्याची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत सुमारे १.३५ कोटी फोन अडविले गेले. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून देण्यात आले. फोन लावताच कानी पडणारी सावधगिरीची ध्वनिमुद्रित सूचनाही आली. पण रुग्णवाहिका बोलावू पाहणाऱ्यालाही ती आधी ऐकावी लागू लागली, लोक वैतागले आणि २०२५ मध्ये ती बंद करावी लागली. उपदेशाने होण्यासारखे जे होते ते बहुधा तेवढ्यात होऊन गेले.

पैसा जातो कोठे, हा खरा प्रश्न आहे. तो हवेत विरत नाही. तो याच देशातील बँकांच्या खात्यांत जातो, आणि ती खाती कोणा ना कोणा हाडामांसाच्या माणसाच्या नावाने, त्याच्या कागदपत्रांवर उघडलेली असतात. काही हजार रुपयांसाठी आपले खाते भाड्याने देणारे बेकार तरुण आणि गरजू विद्यार्थी या साखळीचा पहिला दुवा आहेत. तेथून रक्कम तुकडे होऊन घटकाभरात दहा खात्यांत पसरते. ज्या खात्यात वर्षभर पाच हजारांवर शिल्लक नव्हती त्यांत एका दुपारी दोन कोटी येतात आणि संध्याकाळपर्यंत निघून जातात, हे बँकेला दिसत नाही असे आम्ही कसे मानावे? अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या एका संस्थेने यंत्रबुद्धीवर चालणारे साधन तयार केल्याचे डिसेंबर २०२४ मध्येच जाहीर झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने वर्षभरानंतर रिझर्व्ह बँकेला नेमका हाच प्रश्न विचारला की, असल्या साधनांचा उपयोग ही खाती गोठविण्यासाठी का होत नाही.

साखळीचे दुसरे टोक पुष्कळदा म्यानमार, कंबोडिया आणि लाओस येथील तारांच्या कुंपणाआड असते. म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख माणसे अशा ठिकाणी डांबून कामास लावलेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा २०२३ सालचा अंदाज होता. थायलंडात संगणकावरील नोकरी म्हणून नेलेली आपली मुले त्यांत आहेत. १० मार्च २०२५ रोजी हवाई दलाच्या विमानाने अशा २८३ भारतीयांना परत आणले. पुण्यातील एखाद्या आजींना धमकावणारा आवाज कदाचित अशाच एखाद्या मुलाचा असेल. ठरलेली रक्कम न उकळल्यास रात्री मार खावा लागणाऱ्या मुलाचा. यामुळे त्या आवाजाचा अपराध नाहीसा होत नाही. पण या लढाईत नुसते पोलीस पुरे पडणार नाहीत, परराष्ट्र खात्यालाही उतरावे लागेल.

आता जबाबदारीविषयी. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक असे सांगत आले की, ग्राहकाच्या अनुमतीवाचून त्रयस्थाने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याच्यावर तोशीस नाही. चांगली गोष्ट आहे. परंतु 'डिजिटल अरेस्ट'मध्ये ग्राहक स्वतःच सही करतो. म्हणून बँक म्हणते, तुम्हीच पाठविले, आम्ही काय करणार? पिस्तूल रोखून घेतलेल्या सहीला कायदा सही मानीत नाही. चाळीस तास झोपू न देता, मुलाला अटक करण्याची धमकी देऊन घेतलेल्या सहीला मात्र अनुमती मानावयाचे, हे तर्कट आम्हांस उमगत नाही. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम केला की, फसून आपण होऊन पाठविलेली रक्कमही ८५,००० पौंडांच्या मर्यादेपर्यंत भरून द्यावयाची, आणि तिचा भार पाठविणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या बँकांनी निम्मानिम्मा सोसावयाचा. या नियमातील उत्तरार्ध आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. चोराचे खाते उघडून देणाऱ्या बँकेच्या खिशाला चाट बसू लागली की तिची नजर आपोआप तीक्ष्ण होते. सिंगापूर याही पुढे गेले. १ जुलै २०२५ पासून तेथे अमलात आलेल्या कायद्याप्रमाणे, फसत असलेला मनुष्य समजावूनही ऐकत नसेल तर पोलीस त्याच्याच खात्यावरील व्यवहार तीस दिवसांपर्यंत थांबवू शकतात.

आपल्याकडे सिंगापूरची नक्कल करावी असे आम्ही म्हणणार नाही. स्वतःच्या पैशाचे काय करावयाचे हे ठरविण्याचा प्रौढ माणसाचा हक्क पोलिसांच्या हाती देताना शंभरदा विचार केला पाहिजे. ज्या पोलिसांच्या नावाच्या भीतीने हा सारा अनर्थ झाला, त्यांच्याच हाती आणखी एक अधिकार देणे हा उपाय आम्हांस घाईचा वाटतो. परंतु सत्तर वर्षांच्या ठेवीदाराने मुदतठेव मोडून पूर्वी कधीही व्यवहार न केलेल्या खात्यात दहा लाख पाठवावयाचे ठरविले तर ती रक्कम एक दिवस थांबवून धरावी, आणि त्याने आधीच नेमून ठेवलेल्या एखाद्या आप्ताला कळवावे, यात कोणाच्या स्वातंत्र्याचा संकोच होतो? ग्राहक चिडतात, असे बँका सांगतात. चिडतील. घर घेण्यासाठी खरोखरच पैसे पाठविणारा एक दिवस थांबू शकतो. चोर थांबू शकत नाही. शाखेतील कर्मचाऱ्याने वेळीच हटकल्यामुळे आयुष्याची पुंजी वाचल्याची उदाहरणे देशात आहेत, आणि त्या कर्मचाऱ्यांना असे हटकण्याचा कोणताही लेखी हुकूम नव्हता. शाखांतून माणसे कमी करीत जाणाऱ्या बँकांनी याचा विचार करावा.

शेवटी घराचा विचार. या चोरीचे बळी बहुधा एकटे राहणारे असतात. मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळूरला, दुपारचा निवांत वेळ आणि हातात मोबाईल, हे आज पुण्याच्या कोथरूडपासून मुंबईच्या पार्ल्यापर्यंत असंख्य घरांचे चित्र आहे. अशा घरांत मुले आईबापांना मोबाईल घेऊन देतात. पण 'असा फोन आला तर आधी मला विचारा, मध्यरात्र असली तरी उठवा,' हे वाक्य बोलावयाचे राहून जाते. यंत्राने आता आप्तांचा आवाजही काढता येतो. म्हणून घरातल्या घरात ठाऊक असलेला एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, आजोळच्या गाईचे नाव असले तरी चालेल. आणि कोणी फसलेच तर पहिला प्रश्न 'किती गेले?' हा असू नये आणि 'तुम्हांला कळले कसे नाही?' हा तर मुळीच असू नये. त्या प्रश्नाच्या धाकानेच माणसे चार-चार दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसा हाताबाहेर जातो.

१९३० हा क्रमांक त्यासाठीच आहे. बँका आणि पोलीस यांना जोडणारी ही यंत्रणा २०२१ साली उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिने पाच हजार कोटींहून अधिक रुपये चोरांच्या हाती पडण्यापासून वाचविल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. पहिल्या तासाभरात फोन केला तर रक्कम वाटेतच अडविली जाण्याची आशा असते. म्हणून आधी १९३०, मग बँक, आणि मग ठाणे, असा क्रम धरावा. व्यवहाराचा क्रमांक, चोराचा खातेक्रमांक आणि आलेले संदेश जपून ठेवावेत. संतापाच्या भरात ते पुसून टाकू नयेत. ठाण्यात गेल्यावर 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घेणे त्या अंमलदारावर बंधनकारक आहे. ते कलम त्याला दाखवावे, आणि खबर नोंदवून तिची प्रत हाती पडेपर्यंत तेथून उठू नये.